टीव्ही रेकॉर्ड करणारा घरचा कॉम्प्युटर : आधी गच्चीवर जा, मग कीबोर्डला हात लावा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात टीव्हीवरून कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते घड्याळाशी. सह्याद्रीवर नाट्यगीतांचा कार्यक्रम असला की नेमकी आई भजनी मंडळात. ती घरी येऊन चप्पल काढेपर्यंत निवेदिका हात जोडून निरोप घेत असायची. माळ्यावर दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक डेस्कटॉप धूळ खात पडला होता. आज तोच रेकॉर्डरचं काम करतो, आणि आई रात्री जेवणं आटोपल्यावर निवांत बघते.

हे जमवताना मी एक आठवडा वाया घालवला, कारण सुरुवात सॉफ्टवेअरपासून केली. खरं काम गच्चीवर होतं. सिग्नल नीट मिळाला की उरलेलं सगळं एका रविवारचं आहे, म्हणून हा लेखही त्याच क्रमाने जातो.

घरात कुठला सिग्नल येतो ते बघा

तुमच्याकडे पैसे भरून घेतलेलं डीटीएच किंवा डिजिटल केबल असेल, तर तो सिग्नल कूटबद्ध असतो. त्याची किल्ली सेट-टॉप बॉक्समध्ये. ती वायर थेट कॉम्प्युटरला जोडून काहीही दिसणार नाही. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारे बॉक्स मिळतात, पण ते रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच बॉक्सवर चालतं. एचडीएमआयमधून उतरवायला जावं तर तिथेही कॉपी-संरक्षण आडवं येतं आणि पडदा काळा राहतो. बॉक्सच्या मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही पिना असतील तर यूएसबी कॅप्चर कार्ड (त्या पिनांतून येणारं चित्र कॉम्प्युटरात घेणारी डबी) लावून ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र घेता येतं. पण ते जुन्या ७२० बाय ५७६ च्या मापाचं, जरा धूसर, आणि बॉक्सवर जी वाहिनी लावलेली असेल तेवढीच. कुणी झोपायला जाताना बॉक्स बंद केला की रात्रभर काळा पडदा रेकॉर्ड होतो. निरुपाय असेल तरच या वाटेला जा.

सरळ वाट म्हणजे दूरदर्शनचं डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली ही सेवा आज ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. महिन्याचं भाडं नाही, आणि तिच्यावरच्या बऱ्याच वाहिन्या कुलपाशिवाय येतात. सह्याद्री तिथे आहेच. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावात जातात, त्यामुळे कुठली मराठी वाहिनी कधी असेल आणि कधी गायब होईल याचा भरवसा धरू नका.

घरी इंटरनेट चांगलं असेल आणि फक्त थेट प्रक्षेपण बघायचं असेल, तर प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे. त्यावर भागत असेल तर ही सगळी खटपट कशाला? खटपट आहे ती आपल्या वेळेला बघण्यासाठी आणि जपून ठेवण्यासाठी.

ट्यूनर घेताना

कॉम्प्युटरला डिशची भाषा कळावी म्हणून ट्यूनर लागतो. इथे लोक हमखास फसतात, मीही फसलो. एका दुकानात मला ‘टीव्ही ट्यूनर कार्ड, एकदम मस्त’ म्हणून जे मिळालं ते ॲनालॉग, म्हणजे जुन्या केबलचा सिग्नल घेणारं निघालं. शहरांतल्या केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती, त्यांत इंदूरही होतं, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर असल्या कार्डाला इथे पकडायला काही उरलेलंच नाही. दुसरा सापळा स्वस्त यूएसबी स्टिकचा. तिच्यावर ‘डीव्हीबी-टी’ लिहिलेलं असतं, म्हणजे ती जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल घेते, डिशचा नाही.

डब्यावर ‘डीव्हीबी-एस२’, म्हणजे डिशचा सिग्नल घेणारा, ही अक्षरं पाहिजेत. जुन्या डेस्कटॉपच्या आत जागा असेल तर पीसीआय एक्सप्रेस कार्ड, नाहीतर यूएसबीची पेटी. यूएसबी पेटीला स्वतंत्र ॲडॅप्टर असेल तर बरं, कारण डिशवरच्या एलएनबीला (डिशच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा) वीज तीच पुरवते. विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीवर चालवायचं असेल तर पैसे देण्यापूर्वी त्या मॉडेलच्या ड्रायव्हरची चौकशी करा. काही ट्यूनरांना कंपनीचा ड्रायव्हर हाताने बसवावा लागतो, आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, प्रत्येक अपडेटनंतर तेच काम पुन्हा.

हार्ड डिस्क, रॅम, केबल वगैरे किरकोळ सामान आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला मिळून जातं. ट्यूनर मात्र मला ऑनलाइनच मागवावा लागला.

गच्चीवर

इंदुरात ‘छतरी’ म्हटलं की एक तर कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या छत्र्या आठवतात, नाहीतर गच्चीवरची डिश. आपण दुसरीबद्दल बोलतोय. ६० सेंटिमीटरची साधी डिश पुरते.

दिशा आग्नेय. वास्तुवाले जिथे स्वयंपाकघर सांगतात, तीच. नेमकं सांगायचं तर इंदुरातून हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १४० अंशांवर आणि क्षितिजापासून ५७ अंश वर आहे. त्या रेषेत पाण्याची टाकी, शेजारच्यांचा आंबा किंवा नवीन चढलेला मजला नको. फोनमधलं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ वाट्टेल ते दाखवतं, तेव्हा गच्चीच्या मध्यभागी उभं राहून दिशा घ्या.

डिशकडे बघून ५७ अंशांचा अंदाज बांधायला गेलात तर गोंधळ होईल. आपल्याकडच्या डिश ‘ऑफसेट’ असतात. सिग्नल वरून येतो आणि तिरका परावर्तित होऊन दांड्यावरच्या एलएनबीत शिरतो. त्यामुळे तबकडी वाटते त्यापेक्षा बरीच उभी असते. मागच्या पट्टीवर अंशांचे आकडे कोरलेले असतील तर ते हा फरक धरूनच कोरलेले असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा.

डिश लावायला आलेल्या पोराने माझा बेत ऐकला आणि म्हणाला, “भिया, कम्प्यूटर में छतरी? पेली बार सुना.” पण काम चोख केलं. त्याची पद्धत तुम्हीही वापरा : आधी फ्री डिशचा साधा बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही गच्चीवर नेऊन सिग्नलची पट्टी बघत डिश पक्की करायची, आणि मगच वायर कॉम्प्युटरकडे न्यायची. नाहीतर चित्र आलं नाही की दोष डिशचा, वायरीचा, ट्यूनरचा की सॉफ्टवेअरचा, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. बोल्ट पूर्ण आवळण्याआधी तबकडी केसभर डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. पट्टी सर्वांत वर जाते तिथेच आवळा.

एलएनबी युनिव्हर्सल घ्या, दोन तोंडांचा मिळाला तर उत्तम. एक वायर टीव्हीच्या बॉक्सला, दुसरी कॉम्प्युटरला. एकाच वायरीचे स्प्लिटरने दोन भाग केले तर दोन्ही उपकरणं एलएनबीला आपापला व्होल्टेज पाठवतात आणि कुरबुरी सुरू होतात.

वायर आरजी-६, म्हणजे डिशला लावतात ती जाड गोल केबल. तिच्या टोकाला एफ कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एकही तंतू मधल्या तांब्याच्या तारेला टेकू देऊ नका. त्याच तारेतून ट्यूनर १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवत असतो, शॉर्ट झालं तर ट्यूनर जाऊ शकतो. जोडताना कॉम्प्युटर बंद हवा. गच्चीवरच्या जोडावर टेप गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता तिथेच ठिबकेल. विजा कडाडायला लागल्या की वायर काढून ठेवा. जोराच्या सरीत चित्र फुटतं ते मात्र बिघाड समजू नका, या लहरींना पाऊस अडवतो. तसंच मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवस, दुपार होण्याआधी, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि काही मिनिटं सिग्नल जातो. शिडी लावून डिश हलवायला जाऊ नका.

कॉम्प्युटर कितपत लागतो

फार नाही. उपग्रहावरून चित्र आधीच डिजिटल होऊन येतं. रेकॉर्डिंग म्हणजे तो प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवणं, प्रोसेसरला त्यात घाम फुटत नाही. ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप चालतो. कॅप्चर कार्डाच्या वाटेने गेलात तर चित्र नव्याने दाबावं लागतं, तेव्हा बळ लागतं.

डिस्कचा हिशोब असा : साधी वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिट धरली तर तासाला साधारण १.३५ जीबी. एक टीबीत ७०० तास आरामात. रेकॉर्डिंगची डिस्क वेगळी ठेवा, म्हणजे ती भरली तरी कॉम्प्युटर ठप्प होणार नाही.

जुन्या मशीनमध्ये एक गोष्ट न विसरता करा : मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. माझ्याकडे लाइट गेली, आली, सेल मेलेला म्हणून घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं, आणि त्या दिवशी नेटही नव्हतं की वेळ आपोआप सुधारेल. कॉम्प्युटर इमानाने संध्याकाळची वाट बघत बसला, फक्त भलत्याच सालातल्या.

सॉफ्टवेअर आणि स्कॅन

विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर मोफत आहे आणि ठीक चालतं. विंडोज मीडिया सेंटरची आठवण काढणारे मित्र अजून भेटतात, पण मायक्रोसॉफ्टने ते २०१५ मध्ये विंडोज १० पासून बंद केलं. माझी पसंती लिनक्सवर टीव्हीहेडएंडला. ते मागे गुपचूप चालतं आणि घरातल्या कुठल्याही ब्राउझरमधून ९९८१ या पोर्टवर (कॉम्प्युटरच्या पत्त्यापुढे :९९८१ लिहून) उघडतं. बसवताना विचारलेलं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

आत गेल्यावर आधी डीव्हीबी-एस प्रकारचं एक ‘नेटवर्क’ तयार करा आणि उपग्रह ९३.५ पूर्व निवडा. मग ट्यूनर चालू करून त्याला ते नेटवर्क जोडा आणि एलएनबीच्या जागी ‘युनिव्हर्सल’ ठेवा. त्यानंतर ‘मक्स’. एक मक्स म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवरून येणारा वाहिन्यांचा गठ्ठा. तयार यादी बहुधा शिळी असते, म्हणून फ्री डिशची ताजी यादी बघून हाताने भरा. फ्रीक्वेन्सी ११ हजारांच्या घरातली, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिंबॉल रेट बहुतेक ठिकाणी २९५००. एक मक्स ‘ओके’ झाला की निम्मी लढाई जिंकली. सगळेच ‘फेल’ झाले तर पुन्हा गच्ची. मग ‘मॅप सर्व्हिसेस’ दाबून वाहिन्या यादीत आणा. नाव दिसतं पण चित्र येत नाही, अशी वाहिनी कूटबद्ध आहे, ती काढून टाका.

या गठ्ठ्याचा एक छान फायदा आहे. एकच ट्यूनर एका गठ्ठ्यातल्या दोन-तीन वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड करू शकतो, कारण तो सगळा गठ्ठा घरात आणतोच. दुसऱ्या गठ्ठ्यातली वाहिनी त्याच वेळी हवी असेल तर दुसरा ट्यूनर लागेल. आईची वाहिनी आणि बाबांच्या बातम्या एकाच गठ्ठ्यात आहेत का, हे आधी बघून घ्या. घरातली शांतता त्यावर अवलंबून आहे.

रेकॉर्डिंग लावणं

वाहिनीसोबत येणाऱ्या कार्यक्रम-पत्रिकेवर सगळा भार टाकू नका. रोज ठरलेल्या वेळेच्या कार्यक्रमाला ‘टायमर’ लावा : वाहिनी, वार, सुरू, बंद. आधी ५ मिनिटं आणि नंतर १५ मिनिटं जास्तीची ठेवा. क्रिकेट लांबलं, कुणाचं भाषण लांबलं की पुढचं सगळं सरकतं, आणि शेवटच्या भैरवीला कात्री लागली तर जेवताना ऐकून घ्यावं लागतं.

फाइल ‘.टीएस’ प्रकारची तयार होते. मध्येच लाइट गेली तरी तोपर्यंतचा भाग चालतो, हा तिचा मोठा गुण. तरी कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्याच. चोवीस तास चालू ठेवायचा तर ५० वॉट धरून महिन्याला ३६ युनिट होतात. तेवढे नको असतील तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ठराविक वेळी आपोआप सुरू होण्याची सोय शोधा.

रेकॉर्डिंग घरात बघण्यासाठी आहे. ते यूट्यूबवर चढवलंत किंवा मंडळाच्या ग्रुपवर वाटलंत तर मामला कॉपीराइटचा होतो.

बघणं

कॉम्प्युटर टीव्हीजवळ असेल तर एचडीएमआय केबल आणि वर कोडी हे टीव्हीच्या पडद्यासाठीचं मोफत प्लेअर सॉफ्टवेअर. दुसऱ्या खोलीत असेल तर अँड्रॉइड टीव्हीवर कोडी टाका, त्यात टीव्हीहेडएंडचं ॲडऑन चालू करा आणि रेकॉर्डर कॉम्प्युटरचा घरच्या नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता द्या. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा बांधून घ्या, नाहीतर लाइट गेली-आली की टीव्हीला रेकॉर्डर सापडत नाही. फोनवरचं ‘कोरे’ ॲप रिमोटचं काम करतं. आईने मात्र चार दिवसांत ते नाकारलं. तिच्यासाठी बाण आणि ओके एवढीच बटणं लागणारा साधा यूएसबी रिमोट आणला, बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी.

तबलजीची बोटं कंगव्याच्या दातांसारखी फाटलेली दिसली तर सिग्नलला दोष देऊ नका. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात चित्राच्या एकाआड एक ओळी येतात. प्लेअरमधलं ‘डीइंटरलेस’ चालू करा. व्हीएलसीमध्ये त्यासाठी ‘डी’ ही कळ आहे.

शेवटी डिस्क भरू नये म्हणून प्रत्येक टायमरला फाइल किती दिवस ठेवायची ते सांगा. आमच्याकडे बातम्या ३ दिवस, मालिका एक महिना, आणि नाट्यगीतांना ‘कायम’.