आडवाटेच्या मुक्कामात फोटो कुठे बिघडतात: या चुका टाळा

१ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स न्यू मेक्सिकोतल्या एका रस्त्याने गाडीने परतत होते. दिवसभर मनासारखं काहीच मिळालं नव्हतं. वाटेत हर्नांडेझ नावाचं छोटं गाव लागलं. पूर्वेला चंद्र वर आला होता आणि मावळतीचं ऊन गावाच्या दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलं होतं. त्यांनी गाडी कडेला घातली, घाईघाईने कॅमेरा उभा केला, पण उजेड मोजायचा लाइट मीटर काही सापडेना. चंद्र किती तेजस्वी असतो तो आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवून त्यांनी एक निगेटिव्ह घेतली. दुसरीची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं.

ही गोष्ट सांगताना लोक नशिबाचं नाव घेतात. मला मात्र ती वाचताना दर वेळी वाटतं, की अ‍ॅडम्स वाटसरू होते, त्यांच्याकडे मोजकी मिनिटं होती; आपण तंबू घेऊन निघतो, आपल्याकडे अख्खी संध्याकाळ, अख्खी रात्र आणि पहाट असते. तरीही परतल्यावर कार्डात निघतात ते दुपारी दोनचे पांढरेफटक फोटो. आडवाटेच्या प्रवासातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे: मुक्काम केला, पण तो फोटोसाठी वापरला नाही.

अंधारात पोहोचणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. प्रवासाचा आराखडा आपण किलोमीटरमध्ये आखतो. कच्च्या रस्त्याला नकाशावरच्या अंदाजाच्या दुप्पट वेळ लागतो, तिन्हीसांजा उलटून जातात आणि हेडलाइटच्या उजेडात सपाट दिसेल तिथे तंबू ठोकला जातो. एका तळ्याकाठी आम्ही असेच रात्री दहाला पोहोचलो होतो. पहाटे साडेचारला उठून ट्रायपॉड लावला, तेव्हा कळलं की पूर्वेला उंच कडा आहे. पाण्यावर ऊन आलं सकाळी नऊला, तोवर वाऱ्याने तळ्यातलं प्रतिबिंब मोडलं होतं. पलीकडच्या काठावर मुक्काम केला असता, तर कोवळं ऊन ज्या सुळक्यांवर पडलं ते समोर दिसले असते.

मुक्कामाच्या जागी सूर्यास्ताच्या निदान तीन तास आधी पोहोचा. पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच राहू द्या आणि नुसतं फिरा. पाणी कुठे आहे, वाट कुठे वळते, कुठल्या दगडावरून दरी उघडते, उद्या सूर्य कुठल्या बाजूने येणार, एवढं बघून ठेवा. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, विषुवदिनांच्या सुमारास; एरवी तो उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका हा फरक मोठा. फोनवरची अ‍ॅप्स दिशा दाखवतात, पण नेटवर्क नसेल हे गृहीत धरून त्या जागेचा नकाशा आधीच उतरवून घ्या.

किती उजेड उरला हे मोजायची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. हात लांब करून बोटं क्षितिजावर आडवी धरा. सूर्य आणि क्षितिज यांमध्ये जितकी बोटं मावतील, तितकी पंधरा-पंधरा मिनिटं साधारण शिल्लक असतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. विषुववृत्ताजवळ तो जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे शेवटचे सहा अंश, म्हणजे ज्याला आपण सोनेरी उजेड म्हणतो तो, जेमतेम २४ मिनिटांत संपतो. उंच अक्षांशांवर तो तिरका उतरतो आणि हाच उजेड खूप वेळ टिकतो. आपण कुठे आहोत त्यावर धावपळ किती करायची ते ठरतं.

सूर्य बुडाला की ट्रायपॉड आवरणारे खूप जण पाहिलेत. निदान आणखी अर्धा तास थांबा. ढगांच्या पोटाला रंग चढतो तो बरेचदा सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि त्यानंतरच्या निळ्या उजेडात तंबूतला दिवा आणि आकाश यांचा तोल जमतो. तंबूचा फोटो काढायची वेळ तीच, पुरता काळोख झाल्यावरची नव्हे.

चंद्राबाबतही असंच. उगवणारा पूर्ण चंद्र आणि खालचा मुलूख एकाच फोटोत हवा असेल, तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी थांबा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. चतुर्दशीला तो सूर्यास्तापूर्वी वर आलेला असतो आणि जमिनीवर अजून ऊन असतं. पौर्णिमेला किंवा दुसऱ्या दिवशी तो वर येईपर्यंत जमीन काळी पडू लागते. मग एक तर चंद्राचा पांढरा ठिपका होतो, नाही तर डोंगर अंधारात जातात.

गाडीतूनच क्लिक करणं

काचेतून काढलेल्या फोटोत धूळ, काचेची छटा आणि आतल्या वस्तूंचं प्रतिबिंब येतंच. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला असेल तर खिडकीच्या कडक केलेल्या काचेत इंद्रधनुषी डागही उमटतात. गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि इंजिन बंद करून खाली उतरा. टपाचा किंवा बॉनेटचा टेकू घ्यायचा असला तरी इंजिन बंदच हवं, नाही तर थरथर फोटोत उतरते. आणि कॅमेरा डिक्कीत तळाशी पुरू नका. हर्नांडेझसारखा क्षण सामान उपसेपर्यंत थांबत नाही.

दव: रात्रीच्या फोटोंचा खरा शत्रू

पहाटे उठून कार्ड बघावं तर पहिले वीस फोटो लख्ख आणि पुढचे दोनशे दुधाळ. असं झालं असेल तर कॅमेऱ्यात बिघाड नाही, लेन्सवर दव पडलं होतं. निरभ्र रात्री लेन्सची पुढची काच आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते. ती दवबिंदूच्या तापमानाखाली गेली की बाष्प तिच्यावरच जमतं. म्हणून ढगाळ रात्रीपेक्षा स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री हा त्रास जास्त, आणि पाण्याकाठी किंवा खोलगट कुरणात सर्वांत जास्त. तंबू पन्नास पावलं उंचावर नेला तरी फरक पडतो.

पुसणं हा उपाय नाही, कारण काच थंडच राहते आणि दव पाच मिनिटांत परत येतं. काच जराशी उबदार ठेवावी लागते. लेन्सभोवती गुंडाळायची, पॉवर बँकेवर चालणारी हीटर पट्टी मिळते. ती नसेल तर हात शेकायच्या पुड्या रबरबँडने लेन्सच्या टोकाशी बांधा. त्या दव पडण्याआधी बांधायच्या. लेन्स हूड लावलेला असला तर दव थोडं उशिरा येतं, एवढंच.

उलटा प्रकार गाडीत होतो. थंड झालेला कॅमेरा उबदार गाडीत किंवा तंबूत आणला की त्याच्यावर, कधी आतही, पाणी सुटतं. बाहेर असतानाच तो घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पाणी पिशवीवर जमेल. कॅमेरा आतल्या हवेइतका उबदार झाल्यावरच पिशवी उघडा. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या. दमट प्रदेशात एसीने गार झालेला कॅमेरा बाहेर काढतानाही असंच धुकं धरतं, म्हणून पोहोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करा.

तारे ठिपके न राहता रेघा होणं

तारे बिघडण्यामागे दोन वेगळी कारणं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. तारे लांबट दिसत असतील तर एक्स्पोजर जास्त वेळ झालं. फुगलेले, मऊ दिसत असतील तर फोकस चुकला.

वेळेसाठी ठोकताळा असा: ५०० ला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याने, भागा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स असेल तर साधारण २० सेकंद. १.५ क्रॉपचा, म्हणजे त्याहून लहान सेन्सर असेल तर मिमीचा आकडा दीडपट धरून १४. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एवढ्यातही रेघ दिसू शकते, म्हणून मी ५०० ऐवजी ३०० धरतो आणि आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) वाढवतो. थोडा दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, ओढलेला तारा परत गोल होत नाही.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. बऱ्याच लेन्स तिच्याही पुढे फिरतात. मॅन्युअल फोकसवर जा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) एखादा ठळक तारा दहापट मोठा करा, तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा आणि चिकटपट्टीने ती जखडा. तापमान उतरलं की फोकस किंचित सरकतो, त्यामुळे तासाभराने पुन्हा तपासा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हादरे सावरणारी यंत्रणा) बंद करा आणि दिवसा लावलेला पोलरायझर काढा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन फसवते. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना मंद फोटोही उजळ वाटतो आणि घरी आल्यावर सगळं काळं निघतं. स्क्रीनचा उजेड कमी करा आणि भरवसा हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर, ठेवा. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चचा एक झोत ती मेहनत घालवतो, म्हणून डोक्यावरच्या दिव्यात लाल उजेड असू द्या. तंबू उजळायला पूर्ण दिवा २० सेकंद लावला तर कापड जळल्यासारखं पांढरं दिसेल. दिवा कापडात गुंडाळा किंवा दोन सेकंद लावून विझवा.

बॅटरी आणि कार्डं

थंडीत लिथियम-आयन बॅटरी लवकर संपल्यासारखी वाटते; आतला रोध वाढतो म्हणून. रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. मेलेली वाटणारी बॅटरी खिशात उबवली की बरेचदा आणखी काही फोटो देते. उन्हात उलट काळजी: बाहेर २५ अंश असताना बंद गाडीच्या आत तासाभरात ४० च्या वर पारा जातो. चार्जिंग गाडी चालू असतानाच उरकावं.

कार्डाची रोज रात्री एक प्रत करा आणि ती प्रत कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. बॅग गेली तर दोन्ही जातील. वाटेत फोटो पुसत बसणंही टाळा; थकलेल्या बोटांनी चांगला फोटोच पुसला जातो.

सगळं काही वाइड लेन्सने

प्रत्यक्षात अंगावर येणारा डोंगर फोटोत टेकडी होतो, कारण वाइड लेन्स दूरचं आणखी लहान करते. तिला पायाजवळ काहीतरी हवं असतं: दगड, ओढा, गवताचं पातं. ते नसेल तर ७०-२०० मिमीची लांब लेन्स लावा आणि डोंगराचा तुकडा घ्या. एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, सगळं धारदार येईल हा समजही सोडा. बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो, त्या विवर्तनाने फोटो मऊ होतो. एफ/८ ते एफ/११ मध्ये बहुतेक काम होतं.

जागेला इजा करणं

अगदी पाण्याला खेटून लावलेला तंबू फोटोत सुंदर दिसतो, पण तो काठ तुडवतो आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांना अडवतो. निदान ६० मीटर मागे राहा. लांब लेन्सने तंबू आणि पाणी तरीही जवळ आणता येतात. फुलांच्या माळात आत शिरू नका. कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ च्या वसंतात फोटोंसाठी इतके लोक लोटले, की मार्चमध्ये शहराला तिथला प्रवेश काही काळ बंद करावा लागला.

ठिकाणाची परवानगी असेल तर फोन प्रत्येक फोटोत जीपीएसचे आकडे लिहून ठेवतो. नाजूक जागेचे फोटो पाठवण्याआधी ते काढून टाका किंवा कॅमेरा अ‍ॅपला ठिकाणाची परवानगीच देऊ नका. नाव द्यायचंच तर प्रदेशाचं द्या. स्वतःच्या वहीत मात्र सगळं नेमकं लिहा: कुठला महिना, सूर्य कुठल्या खिंडीतून वर आला, दव किती वाजता पडायला लागलं, आणि पुढच्या वेळी तंबू कुठल्या काठावर लावायचा.