डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क घेत नाहीये? टाकून द्यायच्या आधी हे करून बघा

रामबागेतल्या आमच्या काकू मुलाच्या मुंजीची डीव्हीडी घेऊन आल्या, म्हणाल्या अरे बघ ना, लॅपटॉपवर उघडतच नाहीये, सगळे म्हणतात डिस्क गेली. काकांचा आवाज आता फक्त त्या एका डिस्कमध्ये उरलाय, त्यामुळे "जाऊ द्या" असं मला म्हणवेना. दोन संध्याकाळी गेल्या पण चालली, तर जसं केलं तसं लिहितोय.

सगळ्यात आधी कान लावा. यूएसबीवाला ड्राइव्ह असेल आणि डिस्क घर्रकन फिरायच्या ऐवजी नुसतं टिक-टिक होऊन थांबत असेल तर बहुतेक करंट कमी पडतोय. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 500 मिलिअँपियर मिळतो, 3.0 मधून 900, आणि सुरुवातीला मोटर जास्त ओढते. हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) काढा, वायर थेट लॅपटॉपला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. दोन यूएसबी पिनवाली केबल असेल तर दोन्ही पिना लावा.

मग एक चांगली चालणारी सीडी आणि एक चांगली डीव्हीडी टाकून बघा, दोन्ही हं, कारण सीडी वाचायचा लेझर 780 नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा 650 चा, म्हणजे एक चालून दुसरा बसलेला असू शकतो. कुठलीच डीव्हीडी चालत नाही पण सीडी चालते असं झालं तर विंडोज परत टाकण्यात वेळ घालवू नका, लेझर गेलाय, ड्राइव्ह बदला.

ड्राइव्हच दिसत नसेल तर विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी) उघडा, डीव्हीडीच्या नावापुढे पिवळी खूण असेल तर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, ड्रायव्हर आपोआप परत बसतो. तिथे ठीक दिसतोय पण माय कॉम्प्युटरमध्ये नाही, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला लेटर (डी, ई असं अक्षर) द्या.

डिस्क पुसताना मधून बाहेर सरळ पुसा, मऊ सुती कपड्याने. गोल गोल अजिबात नाही, डेटा गोल फिरत लिहिलेला असतो आणि गोल ओरखडा पडला की एकाच जागचा लांबलचक तुकडा जातो, मधून बाहेर जाणारा ओरखडा ड्राइव्ह बऱ्याचदा सांभाळून घेतो.

काकूंच्या डिस्कवर तर ओरखडाच नव्हता. माझ्या ड्राइव्हवर बाकी सगळ्या डिस्क चालत होत्या आणि हिच्यावर विंडोज म्हणे डिस्क रिकामी आहे, कशी वापरायची सांगा. इथे काहीही झालं तरी ओके दाबू नका, कॅन्सल करा! मी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर मधल्या भोकाच्या बाजूने निम्म्यापर्यंत रंग वेगळा, गडद, म्हणजे रेकॉर्डिंग आहे की आत. टीव्हीला लावायच्या रेकॉर्डरवर भरलेली डिस्क शेवटी फायनलाइज करावी लागते, म्हणजे रेकॉर्डिंग संपलं म्हणून ती बंद करायची, की बाकीच्या मशीनना वाचता येते, ते राहिलं तर कॉम्प्युटरला ती बऱ्याचदा रिकामीच वाटते. काकूंना विचारलं तर रेकॉर्डर माळ्यावरच होता, खोक्यासकट. डिस्क त्याच्यात टाकली, मेनूत फायनलाइज सापडलं, काही मिनिटं लागली, मध्ये लाइट जाऊ नये म्हणून नुसते बसून राहिलो. मग लॅपटॉपमध्ये लावली आणि मंगलाष्टकं ऐकू आली.

एकदा उघडली की आधी कॉपी करा, बघायचं नंतर. पूर्ण डिस्कची आयएसओ फाइल (सगळी डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये) बनवा, साधी डीव्हीडी 4.7 जीबीची असते त्यामुळे पेनड्राइव्हवर आरामात मावते, आणि एक कॉपी दुसऱ्याच्या घरी पण ठेवा. काकूंची एक माझ्याकडे आहे.