एफपीजीएवर जुना कॉम्प्युटर उभारताय? या चुका टाळा

एफपीजीए म्हणजे हवं ते सर्किट आत घडवता येणारी चिप, आणि कोअर म्हणजे तिच्यासाठी लिहिलेलं जुन्या मशीनचं सर्किट. झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा कोअर लिहायला बसलेले नवे लोक बहुतेक एकाच जागी अडकतात: क्लॉक, म्हणजे सर्किटला ताल देणारा सिग्नल. मूळ मशीनचा झेड-८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो. मग हे लोक ठरवतात: बोर्डावरचा वेगवान क्लॉक काउंटरने भागायचा आणि त्या काउंटरचा एक बिट थेट प्रोसेसरला क्लॉक म्हणून जोडायचा. सिम्युलेशनमध्ये हे चालतं, बोर्डावरही बरेचदा चालतं, आणि तिथेच घात होतो.

एका मित्राचा कोअर असाच होता. बेसिक (मशीनमधली प्रोग्रामिंगची भाषा) चालत होतं, गेम चालत होते. टेपचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याने चार ओळी वाढवल्या आणि पुन्हा कंपाइल केलं, तर स्क्रीनवर नुसते रंगीत चौकोन. ओळी काढल्या की सगळं सुरळीत. आधी रॅमवर संशय, मग केबलवर, शेवटी नवा बोर्ड आला. सिग्नल वेळेत पोचतात का हे सांगणारा टायमिंग रिपोर्ट मात्र त्याने एकदाही उघडला नव्हता. पहिल्या कंपाइलपासून तिथे वॉर्निंग होती की हा सिग्नल क्लॉक म्हणून वापरला जातोय, पण त्याची व्याख्या कुठेच नाही. तो बिट साध्या वायरिंगमधून जात होता. दर कंपाइलला त्याची वाट बदलायची आणि व्हिडिओच्या भागाशी त्याचा मेळ बसेल की नाही, हे नशिबावर.

मी पीएलएलमधून (चिपमधला क्लॉक बनवणारा भाग) २८ मेगाहर्ट्झचा एकच क्लॉक काढते आणि तोच सगळीकडे देते. झेड-८० ला दर आठव्या टिकला क्लॉक एनेबल ("आता चाल" असा सिग्नल), पिक्सेलला दर चौथ्या. टायमिंग पास झाल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही. वॉर्निंग न वाचता "बोर्ड खराब आहे" म्हणणाऱ्यांना मदत करायचं मी सोडून दिलंय.

दुसरी चूक मला जास्त खुपते. स्पेक्ट्रम सुरू होताना येणारा १९८२ चा कॉपीराइट संदेश दिसला की लोक कोअर "पूर्ण" म्हणून जाहीर करतात. खरं काम तिथून पुढे आहे. ४८के स्पेक्ट्रममध्ये मेमरीतले १६३८४ ते ३२७६७ हे पत्ते यूएलए (चित्र काढणारी चिप) आणि झेड-८० वाटून घेतात. यूएलए चित्र वाचत असताना प्रोसेसरने तिथे हात घातला, तर यूएलए त्याचा क्लॉकच रोखून धरते. किती, तर ६, ५, ४, ३, २, १, ०, ० टी-स्टेट (झेड-८० च्या क्लॉकच्या टिक), आणि पुन्हा तेच चक्र. हे गाळलं की बॉर्डरवर पट्टे काढणाऱ्या डेमोंमध्ये (मशीनची करामत दाखवणारे प्रोग्राम) पट्टे सरकतात. मूळ चिपने क्लॉक रोखला म्हणून आपणही एफपीजीएत क्लॉक अडवायचा नाही. एनेबल द्यायचा नाही, एवढंच. एक फ्रेम बरोबर ६९,८८८ टी-स्टेटची आहे का, हे मी आधी मोजते. गेम नंतर.

कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनो, व्हीआयसी-२ या त्याच्या चित्राच्या चिपची बॅडलाइन (चित्राच्या ज्या ओळीला ती प्रोसेसरला थांबवते) "नंतर बघू" म्हणून सोडू नका. नंतर ती घालायला निम्मा कोअर पुन्हा लिहावा लागतो.

हेही लक्षात ठेवा: ब्लॉक रॅमचा (एफपीजीएतली मेमरी) डेटा पुढच्या क्लॉकला मिळतो, जुन्या रॉमसारखा त्याच क्षणी नाही.

कीबोर्डसारखा बाहेरून येणारा प्रत्येक सिग्नल दोन फ्लिप-फ्लॉपमधून (क्लॉकच्या टिकला एक बिट धरून ठेवणारे भाग) आत घ्या.

आणि जुनं कार्ट्रिज किंवा जॉयस्टिक इंटरफेस ५ व्होल्टचा असतो, एफपीजीएच्या पिना बहुतेक ३.३ व्होल्टच्या. मध्ये व्होल्टेज जुळवून देणारा लेव्हल शिफ्टर हवाच. "थोडा वेळ जोडून बघते" म्हणण्यात पिन कायमची जाऊ शकते.