माजी सैनिक संघटनेत जायचं की नाही? पेन्शनवर आलेल्या फौजी भावांसाठी, आणि घरातल्या वहिनींसाठी तर नक्कीच

पेन्शनवर घरी आलं की गाव लगेच 'मेजर' म्हणायला लागतं, मग तुम्ही शिपाई म्हणून आलेले असा नाहीतर सुभेदार म्हणून, आणि दोन-चार महिन्यांत कोणीतरी येऊन विचारतंच की मेजर, संघटनेत नाव घालायचं का. इथे बरेच जण 'बघू' म्हणतात आणि ते बघणं पुढे दहा वर्षं चालतं. मी तालुक्याच्या संघटनेत कागदपत्रांचं काम बघतो, त्यामुळे कोण का येतं आणि कोण का येत नाही हे रोजचं समोर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, संघटनेत जा, पण बघून जा, आणि स्वतःसाठी जायचं वाटत नसेल तर बायकोसाठी जा.

न येणारे का येत नाहीत

ह्यांची कारणं खोटी नसतात, म्हणून आधी तीच. सतरा नाहीतर चोवीस वर्षं रोल कॉल, फॉलइन, दरबार केलेल्या माणसाला घरी आल्यावर परत कुणाच्या हाताखाली उभं राहायचं नसतं. तसं बघितलं तर वयाच्या पस्तिशी-चाळिशीत शिपाई-नाईक घरी येतो, पोरं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं, तो सिक्युरिटीची नाहीतर बँकेत गार्डची ड्युटी धरतो, त्याला रविवारची मीटिंग परवडत नाही. हे तर सरळ कारण झालं.

दुसरं कारण हुद्द्याचं आहे. काही ठिकाणी ऑफिसर साहेब अध्यक्ष, सुभेदार साहेब उपाध्यक्ष आणि जवान खुर्च्या मांडायला, असं चालतं आणि मग जवान दुसऱ्या मीटिंगला येत नाही. वरच्या पातळीवर पण ही फूट दिसली. 2015 च्या जूनमध्ये दिल्लीत जंतरमंतरवर ओआरओपीसाठी, म्हणजे 'वन रँक वन पेन्शन'साठी, इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंटने धरणं धरलं तेव्हा सगळे एकत्र वाटत होते, 7 नोव्हेंबर 2015 ला आदेश निघाला, 1 जुलै 2014 पासून फायदा धरला गेला, पण पुढे 2023 मध्ये जवान आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) संघटना वेगळ्या बसल्या, कारण मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे फौजेच्या नोकरीचे महिन्याचे वेगळे पैसे, ऑफिसरला 15,500 आणि जवान-जेसीओला 5,200, आणि ओआरओपीच्या दुसऱ्या टप्प्यात आपल्याला कमी मिळालं अशी त्यांची तक्रार. सियाचीनची थंडी दोघांना सारखीच लागते हा त्यांचा मुद्दा मला पटतो. सांगायचं एवढंच की कोणी जवान 'ती साहेब लोकांची संघटना' म्हणून लांब राहत असेल तर त्याला गैरसमज झालाय असं म्हणून उडवून लावू नका.

तिसरं राजकारण. 26 जानेवारीला मेडल लावून स्टेजवर बसवायचं, इलेक्शन आलं की बॅनरवर 'समस्त माजी सैनिक' लिहायचं, आणि ज्याचा बॅनर त्याला तुमचा पाठिंबा असं गावाने धरून चालायचं. ह्याला वैतागून चांगले चांगले लोक सोडून गेलेत.

आणि एक कारण असं आहे जे कोणी बोलत नाही. जो मेडिकल कॅटेगरीवर बोर्ड आऊट झाला म्हणजे तब्येतीमुळे घरी पाठवला गेला, ज्याच्या कागदावर रेड इंक एंट्री म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद आहे, जो पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत घरी आला आणि ज्याला पेन्शन नाही, त्याला वाटतं ह्या लोकांत मी कुठे बसू. श्रीलंकेला ऑपरेशन पवनमध्ये गेलेले लोक बघा, 1987 ते 90, ते म्हणतात कारगिलचं सगळ्यांना माहितेय, आमचं कोण विचारतं. काहींना तर जुन्या गोष्टी निघूच नयेत असं वाटतं, चार फौजी जमले की तेच विषय निघणार म्हणून ते टाळतात. अशा माणसाला मीटिंगला चल म्हणून ओढू नका, त्याच्या घरी जा, चहा घ्या, शेतीचं बोला, नंबर देऊन या. पुरे तेवढं.

येणारे का येतात

बहुतेक जण कागद अडकला म्हणून येतात, यात लाजण्यासारखं काही नाही. स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर, हयातीचा दाखला चढला नाही म्हणून पेन्शन थांबली, कम्युटेशन केलेला, म्हणजे एकरकमी उचललेला, पेन्शनचा भाग 15 वर्षांनी परत चालू व्हायला पाहिजे होता तो झाला नाही, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं, कार्ड ब्लॉक झालं, पोराच्या भरतीसाठी दाखला पाहिजे, घरपट्टी माफीचा अर्ज ग्रामपंचायत घेईना. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, मेस्कोतर्फे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळातर्फे, सिक्युरिटीची कामं मिळतात, जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी मुला-मुलींची वसतिगृहं आहेत, पण ह्यातलं निम्मं घरी आलेल्या नवीन माणसाला कोणी सांगितलेलंच नसतं. युनिटमध्ये क्लार्क होता, तो सगळं करायचा, आपण सही करायचो. घरी आल्यावर क्लार्क नाही.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथून पहिल्या महायुद्धातच 46 जवान कामी आले, किंवा शिरोळकडच्या सैनिक टाकळीत, हे प्रश्न शेजारच्या घरातच सुटतात, घरोघरी फौजी. पण ज्या गावात एक-दोनच माजी सैनिक आहेत तिथे माणूस एकटा पडतो आणि सायबर कॅफेवाला सांगेल ते खरं मानतो.

आता मुख्य गोष्ट, वहिनींची

हे नीट वाचा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, अजून काही घरांत आहे. मग होतं काय, लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतली घरच्या माहितीची नोंद, निघाली तेव्हा रेकॉर्ड ऑफिसला गेलं माहेरचं नाव, समजा शालन, आणि आधार-पॅनवर सासरचं, समजा सुनंदा. जन्मतारीख तर अंदाजे टाकलेली, एक जानेवारी किंवा एक जून. माणूस जिवंत असेपर्यंत ह्याने काहीच अडत नाही, पेन्शन त्याच्या नावाने येत असते. तो गेला की फॅमिली पेन्शन चालू करायला बाई जाते आणि तिथे सांगतात, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, शालन आहे, तुम्ही तर सुनंदा. मग अॅफिडेव्हिट, ग्रामपंचायतीचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसला पत्र, तिकडून परत ऑब्जेक्शन, आणि त्या काळात घरात पैसा येत नाही. वाईट ह्याचं वाटतं की नवरा असताना हेच काम एका अर्जात सुरू झालं असतं, कारण दुरुस्ती मागणारा स्वतः पेन्शनर असतो, त्याचा नंबर, रँक, पलटण त्याला पाठ असते. तिला नसते. तिला तर बऱ्याचदा मिलिट्रीची ती काळी ट्रंक कधी उघडूनच दाखवलेली नसते.

दुसरं, नवरा गेल्यावर त्याच्या खात्यात पेन्शन येत राहते आणि पोरगा एटीएमने काढत राहतो. असं अजिबात करू नका. मृत्यूची खबर लगेच द्यायची, नाहीतर नंतर वसुली निघते आणि ती फॅमिली पेन्शनमधून कापली जाते. एक महिन्याचे पैसे वाटतात ते वर्षाचे होतात.

संघटनेत ज्याचं नाव आहे त्याच्या घरी असं काही झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी जातं आणि सांगतं, वहिनी, मृत्यूच्या दाखल्याच्या इतक्या कॉप्या काढा, खात्याला हात लावू नका, पीपीओ मला दाखवा. ज्याचं नाव नाही त्याच्या घरी जायला कोणी ठरवून टाळत नाही, पण कळतच नाही ओ. म्हणून म्हटलं बायकोसाठी जा.

संघटना कशी तपासायची

पहिल्यांदा एक समजून घ्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही संघटना नाही, ते सरकारी ऑफिस आहे, तिथे नोंदणी आणि माजी सैनिक ओळखपत्र हे करायचंच, आणि ते तुमच्या हक्काचं आहे, त्यासाठी कुठल्याही संघटनेची शिफारस लागत नाही. कोणी 'आमच्याकडे मेंबर झालात तरच काम होईल' म्हणालं तर तिथून उठा. तालुक्याला कल्याण संघटक ठरलेल्या दिवशी येतात, तो दिवस ऑफिसला विचारून ठेवा.

संघटना मग वेगवेगळ्या, 1964 पासूनची इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग आहे, तिच्या शाखा आहेत, पलटणीच्या आपापल्या आहेत, मराठा लाईट इन्फंट्रीवाले, महार रेजिमेंटवाले, बॉम्बे सॅपर्सवाले, आणि तालुक्याच्या गावठी. पलटणीची संघटना मनासाठी चांगली, जुने दोस्त भेटतात, बडाखाना होतो, पण रेशन कार्डावर नाव चढवायला तुमच्या दोस्ताला बेळगावहून येता येत नाही. कागदाच्या कामाला तालुक्याचीच लागते. दोन्हीत राहिलात तरी चालतं.

तालुक्याच्या संघटनेत पैसे भरायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर मागा. नंबर लेटरहेडवर असतोच, पण नंबर असणं पुरेसं नाही. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि दर वर्षी ऑडिट लागतं, ते विचारा. पंधरा वर्षांपूर्वीचे विश्वस्त अजून कागदावर असतील आणि त्यातले निम्मे वारलेले असतील तर त्या संघटनेचं बँक खातं कोण चालवतं हा प्रश्न पडलाच पाहिजे. चांगली माणसं हिशोब विचारल्यावर रागावत नाहीत, वही पुढे करतात.

मग मेंबर न होता नुसते दोन मीटिंगला जाऊन बसा. तिथे बघायचं काय तर बोलतं कोण. एकच साहेब तासभर बोलतात आणि बाकी माना हलवतात, का मागच्या रांगेतला नाईक पण उठून सांगू शकतो की माझं ओआरओपीचं एरिअर कमी आलंय. आधीच्या मीटिंगच्या केसेसचं काय झालं हे कोणी वाचून दाखवतं का. आणि बायका आहेत का. ज्या मीटिंगला एकही वीरपत्नी किंवा साधी फॅमिली पेन्शनर येत नाही तिथे काहीतरी चुकतंय, कारण तालुक्यात अशा बायका असतातच, त्या घरून निघत नाहीत कारण पुरुषांच्या घोळक्यात कुठे बसायचं. आम्ही बाजाराच्या दिवशी सकाळी फक्त त्यांच्यासाठी वेळ ठेवली तेव्हा यायला लागल्या, एकीने दुसरीला आणलं, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून डिस्चार्ज बुक, पीपीओ, बँकेचं पासबुक, सगळं.

मीटिंग संध्याकाळी ठेवून नंतर कँटीनची बाटली निघत असेल तर मी तरी जाणार नाही. ज्याने कष्टाने सोडलीय त्याला तिथे बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

केस घेऊन कोर्टात जाऊ म्हणणारेही भेटतील. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, मुंबईला त्याचं बेंच आहे, डिसॅबिलिटी पेन्शनच्या केसेस तिथून खरंच सुटतात, पण 'प्रत्येकी इतके जमा करा, सगळ्यांची एकत्र केस टाकू' असं कोणी म्हटलं तर वकिलाचं नाव, वकीलपत्र आणि पावती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

गेलात तर काय घेऊन जायचं

डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि त्याचे सगळे कॉरिजेंडम (दुरुस्तीचे आदेश), दोघांचं आधार-पॅन, बँक पासबुक, ईसीएचएस कार्ड, लग्नाची पार्ट टू ऑर्डर मिळाली तर तीही. टेबलावर पीपीओ आणि बायकोचं आधार शेजारी शेजारी ठेवा आणि स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा, जन्मतारीख जुळवा. फरक निघाला तर स्पर्शवर आणि रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्ती टाकायची, आणि जमलं तर वहिनींना बरोबर घेऊन या, हे त्यांच्यासमोर व्हायला पाहिजे.

पेन्शन नसलेल्यांनी सुद्धा या. पासष्टीच्या पुढच्या, पेन्शन नसलेल्या गरीब माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रांट मिळते, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो, आणि हे ज्यांना लागू होतं तेच लोक सगळ्यात लांब राहतात.

संघटना चालवणाऱ्यांना एक विनंती. अग्निवीरांची पहिली बॅच 2022 च्या शेवटी आणि 2023 च्या सुरुवातीला भरती झाली, चार वर्षं धरली तर ती पोरं 2026-27 मध्ये गावात येणार, चारातला एक आत राहील, बाकी तीन घरी, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. माजी सैनिकाचा दर्जा सरकारी कागदावर त्यांना मिळो न मिळो, तुमच्या घटनेत सभासद कोण होऊ शकतो ते कलम उघडा आणि आत्ताच दुरुस्ती करा, ठराव जनरल बॉडीत घ्या, बदल धर्मादाय कार्यालयात मंजूर करून घ्या, ह्याला वेळ लागतो. चोवीस वर्षांचं पोरगं पहिल्यांदा दारात येईल तेव्हा 'तू आमच्यात बसत नाहीस' हे त्याला ऐकायला लागू नये.

आणि तुमच्या तालुक्यात संघटनाच नसेल तर सात जण पुरतात, सात सह्यांवर नोंदणी होते. अध्यक्ष कोण यावरून पहिली मीटिंग वाया घालवू नका, घरपट्टी माफीचे अर्ज घेऊन बसा, कारण ते काम गावातच होतं, महिन्याभरात दोन-चार लोकांना फायदा दिसतो आणि मग बाकीचे आपोआप विचारत येतात.