कॅटालेज आणि एसओडी मोजताना या चुका टाळा

डिझर्टेशन सबमिट करायची तारीख जवळ आली की आमच्या लॅबच्या दारात एमएस्सीची मुलं उभी असतात. विषय ठरलेला: मधुमेहात, नाहीतर तंबाखू खाणाऱ्यांत अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स किती बदलतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, म्हणजे आपलं एसओडी, सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतात. एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. घोळ होतो तो रक्त काढल्यापासून क्युव्हेट (नमुना भरायची पारदर्शक चौकोनी नळी) प्रकाश मोजणाऱ्या मशीनमध्ये जाईपर्यंत, आणि खापर फुटतं बिचाऱ्या किटवर.

गुलाबी प्लाझ्मा

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते या चुकीने. तांबड्या पेशी या एन्झाइम्सनी खच्चून भरलेल्या असतात. प्लाझ्मात, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागात, कॅटालेज त्यामानाने नगण्य. त्यामुळे ट्यूबमध्ये मूठभर पेशी जरी फुटल्या तरी तुम्ही मोजता ते रुग्णाच्या प्लाझ्मातलं कॅटालेज नसतं, फुटलेल्या पेशींतून सांडलेलं असतं.

एका मुलीने रुग्णांचे नमुने कल्याणच्या पुढून आणले होते. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची निरोगी माणसं कोण, तर हॉस्टेलच्या मैत्रिणी. (पन्नाशीच्या मधुमेहींसमोर विशीच्या मुली, हा वेगळाच गुन्हा.) मैत्रिणींचं रक्त लॅबमध्येच काढलं आणि लगेच सेंट्रीफ्यूज केलं. रुग्णांच्या ट्यूब मात्र डब्याच्या पिशवीत, गोठलेल्या जेल पॅकला थेट चिकटवून, सकाळच्या फास्ट लोकलमधून. त्या गर्दीत माणसाच्या बरगड्या शाबूत राहत नाहीत, तांबड्या पेशींचं काय घेऊन बसलात!

रिझल्ट आला तो डोळे दिपवणारा. रुग्णांत कॅटालेज कितीतरी पट जास्त, एसओडीही वर. चर्चेचा भाग लिहूनसुद्धा झाला होता: शरीर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसशी झुंजतंय, म्हणून एन्झाइम्स वाढलीत. "मॅडम, पेपर होईल ना?" मी म्हटलं, ट्यूब आण आधी. पांढऱ्या कागदावर दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. मैत्रिणींचा प्लाझ्मा फिकट पिवळा, रुग्णांचा पातळ कोकम सरबतासारखा. ट्यूब हेपॅरिनच्या होत्या (रक्त गोठू न देणारं हे रसायन पोटॅशियमच्या आकड्यात ढवळाढवळ करत नाही), म्हणून त्यातच पोटॅशियम करून घेतलं. दवाखान्याच्या फाइलवर त्याच रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मल होतं. आमच्याकडे आलं ते इतकं की माणूस चालत ओपीडीत येऊच शकला नसता. पेशी फुटल्या की पोटॅशियमही बाहेर पडतं. तिने मधुमेह मोजलाच नव्हता, मध्य रेल्वेचा प्रवास मोजला होता.

माझी सवय सांगते. रक्त ट्यूबमध्ये सोडताना आधी सिरिंजची सुई काढायची, मग भिंतीवरून हळू सोडायचं. जिथे रक्त काढलं तिथेच सेंट्रीफ्यूज करायचं. दवाखान्यात मशीन नसेल तर दुसरा दवाखाना शोधायचा. आणायचा तो वेगळा केलेला प्लाझ्मा. अख्खं रक्त आणणं अगदीच टळत नसेल तर ट्यूब आणि जेल पॅकच्या मध्ये टॉवेलची घडी. लॅबमध्ये आल्यावर प्रत्येक प्लाझ्मा ४१४ नॅनोमीटरला वाचायचा, कारण हिमोग्लोबिन तिथे सणसणीत रीडिंग देतं. किती रीडिंगला नमुना बाद, हे काम सुरू करण्याआधी वहीत लिहायचं. नंतर ठरवलं की प्रत्येक लाडक्या नमुन्यासाठी सवलत निघते. बाद म्हणजे बेसिनमध्ये. मुलांना याचा फार राग येतो.

तांबड्या पेशींतलंच एन्झाइम हवं असेल तर ते सरळ तसं करा: बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर) काढा, थंड सलाइनने पेशी धुवा, स्वतः फोडा आणि आकडा दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे द्या. प्लाझ्मा आणि लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) एकाच तक्त्यात घुसडू नका.

बाटलीवर लिहिलंय म्हणून

पेरॉक्साइडच्या बाटलीवर ३० टक्के लिहिलंय, म्हणून आत ३० टक्केच आहे असं धरून मुलं गणित मांडतात. प्रिन्सेस स्ट्रीटवरून बाटली कधी आणली, कोणी उघडली, मे महिन्यात बंद एसीच्या खोलीत किती दिवस राहिली, काही पत्ता नाही. पेरॉक्साइड आपोआप मोडत असतं. कॅटालेजच्या नेहमीच्या पद्धतीत आपण २४० नॅनोमीटरला त्याची घट बघतो आणि शोषणांक (एक मोलर द्रावण किती प्रकाश शोषेल तो आकडा) ४३.६ धरतो. म्हणजे १० मिलीमोलर द्रावणाचं रीडिंग सुमारे ०.४४ यायला हवं. ते न बघता नमुना घालणाऱ्याला मी मशीनवरून उठवते. रीडिंग कमी आलं तर बाटलीतलं पेरॉक्साइड थोडं जास्त घ्या, ०.४४ च्या आसपास आणा, मग पुढे. दर वेळी, रोज. केमिस्टकडची जखम धुवायची बाटली तर आणूच नका, त्यात स्टॅबिलायझर असतात.

"रीडिंगच स्थिर नाही" अशी तक्रार आली की मी आधी क्युव्हेट बघते. नेहमीची प्लास्टिकची क्युव्हेट २४० ला स्वतःच प्रकाश खाते. क्वार्ट्झच हवी, महाग आहे, मागून घ्या. क्युव्हेटमध्ये बुडबुडे दिसले तर एन्झाइम जास्त झालंय, नमुना पातळ करा. उतार पहिल्या तीस सेकंदांचाच घ्या.

सगळ्या मुंबईत कॅटालेज शून्य

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मोजताना बफरमध्ये (ज्या द्रावणात मोजणी होते त्यात) कॅटालेजला बंद पाडणारं सोडियम अझाइड मुद्दाम घालतात, म्हणजे कॅटालेज मध्ये लुडबुड करत नाही. तोच उरलेला बफर घेऊन एका हुशाराने कॅटालेज लावलं. सगळे नमुने शून्य. जपानमध्ये ताकाहारा नावाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने एका मुलीच्या तोंडातल्या जखमेवर पेरॉक्साइड टाकलं, फेस आला नाही, रक्त काळं पडलं, आणि त्यातून अकॅटालेसेमिया, म्हणजे जन्मतःच कॅटालेज नसण्याचा आजार सापडला, ही गोष्ट त्याने वाचलेली होती. त्यामुळे तो हर्षभरित. अरे, एवढा दुर्मीळ आनुवंशिक आजार एकाच सकाळी तुझ्या सगळ्या रुग्णांना आणि कंट्रोल म्हणून घेतलेल्या वॉचमनकाकांनाही? बाटलीवर बफरचं नाव, तारीख आणि अझाइड आहे की नाही, हे मार्करने लिहा.

आता एसओडी. ते मोजायला लागणारं पायरोगॅलॉल रोज ताजं, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये; तपकिरी झालं की फेका. खोलीचं तापमान बदललं की त्याचा ब्लँकही (नमुना न घालता घेतलेलं रीडिंग) सरकतो, म्हणून ब्लँक सकाळी एकदा लावून भागत नाही. क्लोरोफॉर्म-इथेनॉलने हिमोग्लोबिन काढण्याची पायरी लिव्हरच्या होमोजिनेटवरही (वाटून केलेल्या द्रावणावर) चालवून वर 'एकूण एसओडी' लिहू नका. मायटोकॉन्ड्रियातलं मँगनीजवालं एसओडी त्यात मरतं.

नमुने छोट्या छोट्या ट्यूबांत वाटून गोठवा. पुन्हा पुन्हा वितळवलेल्या प्लाझ्माबद्दल मला विचारू नका.

आकडा आल्यावरची घाई

एसओडी वाढलं म्हणजे चांगलं, कमी झालं म्हणजे आजार त्यामुळेच, असं दोन ओळींत उरकतात. एसओडी-१ चं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे, म्हणून डाउन सिंड्रोममध्ये हे एन्झाइम साधारण दीडपट असतं. त्याने त्या मुलांची तब्येत दीडपट सुधारत नाही. १९९३ मध्ये कौटुंबिक एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) काही घराण्यांत याच जनुकातली म्युटेशन सापडली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, एन्झाइम कमी पडतंय. पुढे दिसलं की घात करतं ते बिघडलेलं प्रथिन. जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना तसा आजार होत नाही. एकदा काढलेल्या रक्तावरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे कळत नाही, तेव्हा 'संबंध आढळला' इतकंच लिहा.

आणि शेवटच्या पानावरचं ते ठरलेलं वाक्य, 'रुग्णांनी अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात', मी लाल पेनाने खोडते. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन देऊन बघितलं होतं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी नव्हे, जास्त निघाला. एसओडीच्या कॅप्सूलची शिफारस करणाऱ्यांनी प्रथिनाचं पोटात काय होतं ते अकरावीच्या पुस्तकात बघावं, मग माझ्याकडे सहीला यावं.