मूळ काळा घोडा पाहायचा असेल, तर भायखळ्याला जा

मुंबईच्या काळा घोडा चौकात आज जो स्वाराविना उभा असलेला घोडा दिसतो, तो 2017 साली बसवलेला आहे. ज्या पुतळ्यामुळे या भागाला हे नाव मिळाले, तो मूळ पुतळा पाहण्यासाठी भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजेच राणीच्या बागेत, जावे लागते. अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिलेला, जोसेफ एडगर बोहम यांनी घडवलेला आणि युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचे रूप दाखवणारा हा पुतळा 1879 मध्ये चौकात उभा राहिला आणि 1965 मध्ये तिथून हलवण्यात आला.

उद्यान बुधवारी बंद असते, त्यामुळे तो दिवस टाळावा. भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून पायी जाता येते.

शक्यतो सकाळी लवकर पोहोचावे, कारण काळपट धातूवर डोक्यावरचे ऊन पडले की घोड्याच्या मानेचे स्नायू, लगाम आणि स्वाराच्या पोशाखाच्या घड्या एकसारख्याच दिसू लागतात. तिरप्या उन्हात हेच बारकावे स्पष्ट उठून दिसतात. छायाचित्र घेताना ऊन पाठीशी ठेवावे. चौथऱ्यावर चढू नये आणि धातूला हात लावू नये, कारण हाताच्या घामातील क्षारांनी त्यावरचा संरक्षक थर झिजतो.

परतण्यापूर्वी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा, घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती अवश्य पाहावा. या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले, ते याच हत्तीवरून.