कमी खर्चात जुनी स्विफ्ट ट्रॅक-डेसाठी तयार करताना

ट्रॅक-डे म्हणजे आपलीच गाडी शुल्क भरून रेस ट्रॅकवर चालवण्याचा दिवस. हिंगणघाट, पांढरकवडा, आर्वी किंवा पुसदच्या आसपास राहणाऱ्या माणसाला मोटारींचा रेस ट्रॅक जवळ नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असलेला ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक हिंगणघाटहून एक हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे, आणि २०११ साली सुरू झालेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उत्तरेला जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. गाडी ट्रेलरवर लादून नेणे आपल्या खिशाला परवडत नाही. म्हणजे तीच गाडी स्वतःच्या चाकांवर तिथवर जाणार, दिवसभर ट्रॅकवर ताणली जाणार आणि पुन्हा स्वतःच्या चाकांवर घरी येणार. त्यामुळे हातातला पैसा ताकद वाढवण्यावर घालवू नये. तो गाडीची झीज काढण्यावर, तिला नीट थांबवण्यावर आणि तापू न देण्यावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

गाडी निवडताना

हॉट हॅचबॅक, म्हणजे ताकदवान छोटी गाडी, म्हटले की पहिल्यांदा २०१५ ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो किंवा २०१३ पासूनची १.२ लिटर टर्बो पोलो जीटी डोळ्यांसमोर येते. दोन्ही गाड्या मनाला भुरळ घालणाऱ्या आहेत. पण त्या पोलोच्या सात गिअरच्या ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्सचे काम निघाले, तर त्या एका बिलात ट्रॅकवरचे अनेक दिवस बुडतात आणि गाडी दुरुस्तीसाठी नागपूरला न्यावी लागते. २००५ ते २०१० या काळातील १.३ लिटर पेट्रोल स्विफ्ट ही साधारण ८७ अश्वशक्तीची आणि जेमतेम एक टन वजनाची गाडी आहे. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि तिचे इंजिन उघडलेला मेकॅनिक प्रत्येक बाजारपेठेत सापडतो. शिकण्यासाठी हलकी आणि साधी गाडीच उत्तम असल्याने पुढील विवेचनात हीच गाडी गृहीत धरली आहे.

गाडी घेताना रंग आणि सीट कव्हर पाहण्याआधी कागद पाहावेत. या वयाच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली असते, त्यामुळे आरटीओकडून नूतनीकरण झाले आहे का आणि हरित कर भरला आहे का, हे तपासल्याशिवाय इसार देऊ नये. दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आलेले आहेत आणि बुद्ध सर्किट त्याच क्षेत्रात येते. ज्याला तिकडे जायचे आहे त्याने निघण्याच्या वेळचा नियम पाहूनच जुन्या गाडीचा विचार करावा. आपल्याकडून चेन्नईचा रस्ता या दृष्टीने निर्धोक आहे.

त्यानंतर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून घ्यावे. आकड्यांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर ती गाडी सोडून द्यावी. या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो केव्हा बदलला याची पावती मालकाकडे नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजून नवा घालावा आणि त्याच वेळी वॉटर पंपही पाहून घ्यावा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तिकेतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत रोल केज (आतला लोखंडी सांगाडा) बसवणे, मागची सीट कायमची काढणे किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) कापून टाकणे यांचा म्हणूनच विचारही करू नये. येथे सुचवलेली कामे मूळ मापाचे, पण अधिक चांगले भाग बसवण्याची आहेत. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, ही अटही नीट वाचावी; ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपलाच, हे घरच्यांना आधी सांगूनच पैसे भरावेत.

पैशाची वाटणी

प्रवेश शुल्क, मुक्काम आणि पेट्रोल हा खर्च वेगळा काढावा. जाऊन-येऊन २,१०० किलोमीटर आणि लिटरला चौदा किलोमीटरचा हिशेब धरला, तरी केवळ रस्त्यासाठी १५० लिटर पेट्रोल लागते. गाडीसाठी जे उरेल त्यातील प्रत्येक शंभर रुपयांपैकी चाळीस रुपये झिजलेले भाग बदलण्यावर, पंचवीस ब्रेकवर, वीस टायरवर आणि उरलेले पंधरा कूलिंग व ऑइलवर लावावेत. या यादीत सायलेन्सर, रिमॅप (इंजिनाच्या संगणकातील बदल) आणि स्पॉयलरला जागा नाही, कारण पहिल्या वर्षी त्यांच्याकडून चालकाला काहीच शिकायला मिळत नाही.

ब्रेक

एक टन गाडी ताशी १४० वरून ६० वर आणताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, तिच्यात तीस अंशांचे दोन लिटर पाणी उकळीला येईल. हे प्रत्येक फेरीत एकाहून अधिक वेळा होते आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला येतो. रस्त्यावर वर्षानुवर्षे तक्रार न देणारे ब्रेक ट्रॅकवर काही फेऱ्यांतच दगा देतात, त्यामागचे कारण हेच.

सुरुवात सर्वांत स्वस्त वस्तूपासून करावी, ती म्हणजे ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीसाठी ताज्या स्थितीत किमान २०५ आणि ओलावा घेतलेल्या स्थितीत किमान १४० अंश सेल्सिअस अशी मर्यादा आहे; डॉट ४ साठी ती २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहे. द्रव उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट फरशीला टेकते. म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीलबंद डब्यातील डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढावी. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने ब्लीडरला (ब्रेकमधली हवा काढण्याच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील द्रवात बुडवून ठेवावे. बुडबुडे थांबून स्वच्छ रंग येईपर्यंत काम सोडू नये. नुसते डॉट ५ लिहिलेले द्रव सिलिकॉनचे असते, ते यात मिसळू नये. अर्धा उरलेला, पावसाळाभर शेडमध्ये पडून राहिलेला डबा वापरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

ब्रेकच्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर) किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. ट्रॅक्टरची कामे करणाऱ्या लेथवाल्याकडे व्हर्नियर असतोच. त्याच्याकडून डिस्कची जाडी चार-पाच ठिकाणी मोजून घ्यावी. मात्र डिस्कला लेथवर पास मारून ती गुळगुळीत करण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये, कारण पातळ झालेली डिस्क उष्णता कमी साठवते आणि लवकर तापते. या गाडीची नवी डिस्क महाग नाही. डिस्कवर दाबले जाणारे पॅड मात्र अधिक तापमान सोसणारे, नामांकित कंपनीचे घ्यावेत आणि त्यांची जाडी अर्ध्याहून कमी झालेली असताना ट्रॅकवर उतरू नये. मागचे ड्रम उघडून धूळ काढावी, लायनर पाहावे आणि ब्रेक नीट ॲडजस्ट करून घ्यावेत.

येथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप दाबून देणारी दुकाने असतात आणि मागितला तर ते ब्रेकचा पाइपही बनवून देतील. तो कदापि लावू नये. हायड्रॉलिक पाइपचे आतील रबर खनिज तेलासाठी असते, ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइलमध्ये ते फुगते आणि खराब होते. जुने ब्रेक होज तडकलेले दिसले तर कंपनीचे मूळ होजच घालावेत.

उष्णता आणि धूळ

आपल्या भागात रेडिएटरचे शत्रू दोन, पाणी आणि कचरा. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातील पाणी तर जगजाहीर आहे, पण इतरत्रही बोअरचे पाणी जड असते आणि जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये तेच वर्षानुवर्षे ओतले गेलेले असते. टोपी उघडल्यावर आत पांढरा थर किंवा तांबूस गाळ दिसला, तर संपूर्ण व्यवस्था फ्लश करावी, थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सांभाळणारी झडप) आणि रेडिएटर कॅप नवी घालावी आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून भरावे. थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते, हा समज चुकीचा आहे. त्यामुळे इंजिनाचे तापमान योग्य पातळीवर राहत नाही. हिवाळ्यात जिनिंगच्या आसपास उडणारे रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाजमासारखे बसतात. बाहेरून ते दिसत नाहीत. रेडिएटर सैल करून आतल्या बाजूने हलक्या दाबाच्या पाण्याने ते धुवावेत. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर फिन्स वाकतात.

इंजिन ऑइल निघण्यापूर्वी बदलावे आणि पातळी वरच्या खुणेवर ठेवावी, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकते आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढू शकतो. खुणेच्या वर मात्र भरू नये. उघडा, जाळीदार एअर फिल्टर बसवण्याची हौस आपल्या धुळीच्या प्रदेशात इंजिनाला महागात पडते. मूळ खोक्यात नवा कागदी फिल्टर घालणे हेच योग्य.

टायर आणि सस्पेन्शन

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो; २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील उत्पादन. पाच-सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शाबूत असली तरी ट्रॅकवर नेऊ नये. मूळ मापाचा, रस्त्यासाठीच बनवलेला पण चांगल्या पकडीचा टायर पुरे. रुंद टायरमुळे चुका झाकल्या जातात आणि स्टिअरिंगही जड होते.

सस्पेन्शनमध्ये आधी झीज काढावी. लोअर आर्मचे रबरी बुश टॉमीने (लोखंडी पहारीने) हलवून पाहावेत, चाक उचलून वर-खाली धरून बॉल जॉइंट आणि बेअरिंग तपासावे, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट बदलावेत आणि चांगल्या कंपनीचे नवे शॉकअप घालावेत. एवढ्यानेच गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते. स्प्रिंग कापून गाडी खाली करणे हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार धोकादायक आहे. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर नीट बसत नाही आणि शॉकअप खड्ड्यात तळाला आदळतो. शेवटी कॉम्प्युटर अलाइनमेंट करून पुढच्या चाकांचा टो (चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) शून्याजवळ ठेवावा.

ट्रॅकवरचा दिवस

चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि एप्रिलपासून उकाडा असह्य होतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतील तारीख निवडावी. कोणते हेल्मेट चालते, ते आयोजकांना आधी विचारावे. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पातळ तळाचे बंद बूट घालावेत. समृद्धी महामार्गावर किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर वेगाचा सराव करू नये. तिथे दुसऱ्याचा जीव आपल्या हातात असतो.

पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करण्याच्या जागेत) पोहोचल्यावर स्टेपनी, जॅक, पायपुसणी आणि सगळे सुटे सामान बाहेर काढावे. बॅटरीचा क्लॅम्प हलवून पाहावा, टोइंग हुक स्क्रू करून ठेवावा आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तकातील आकड्यानुसार आवळावेत. पाइप लावून पायाने दाबलेले नट एकसारखे आवळले जात नाहीत.

पहिल्या सेशनमध्ये (ट्रॅकवरच्या पहिल्या पाळीत) नवे पॅड हळूहळू तापवून डिस्कशी जुळवून घ्यावेत आणि रस्ता ओळखावा. टायर गार असताना हवा साधारण ३० पीएसआय ठेवावी आणि बाजूच्या कडेवर खडूने आडव्या रेघा ओढाव्यात. सेशन संपताच दाब पुन्हा मोजावा; तो सहा-आठ पीएसआयने वाढलेला असणे स्वाभाविक आहे. रेघा पार बाजूच्या भिंतीपर्यंत पुसल्या असतील तर टायर दुमडतो आहे, हवा वाढवावी. नक्षीच्या काठापर्यंतही पुसल्या नसतील तर दोन पीएसआय कमी करावी. गेज स्वतःचा आणि दर वेळी तोच असावा.

सलग पंधरा मिनिटांहून अधिक वेळ ताणू नये. शेवटची फेरी ब्रेकचा कमीत कमी वापर करत संथ मारावी आणि उभी करताना हँडब्रेक ओढू नये, कारण ड्रम तापलेले असतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी गुटका लावावा. पेडल मऊ लागले किंवा तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकला, तर फेऱ्या शिल्लक असल्या तरी त्या दिवसापुरते थांबावे.

परतीला निघण्यापूर्वी स्टेपनी जागेवर ठेवावी, टायर पूर्ण गार झाल्यावर हवा रस्त्याच्या मापावर आणावी, नट पुन्हा तपासावेत आणि कूलंट व ऑइलची पातळी पाहावी. पॅडची जाडी तीन मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर घरून सोबत आणलेले दुसरे पॅड तिथेच बसवावेत आणि पुढचे हजार किलोमीटर त्यांच्यावर करावेत.